चार बोटं जागा

मी कापतो, मार्लिस शिवते.
हे ठरलं ते एका भांडणातून.
गारठ्यात तिची मनगटं धरतात, कातर चालत नाही,
मला सुईत दोरा ओवता येत नाही,
आणि जानेवारीत मिनेसोटात
संध्याकाळी माणसाने दुसरं करायचं तरी काय.
दिवसभर बर्फ लोटणाऱ्या गाड्या दुरुस्त करून
मी ग्रीसचे हात तीनदा धुऊन बसतो.
तरी एका दुधी कापडावर अंगठा उमटलाच.
तिने त्याच्यावर खिसा लावला.

कापड कुठकुठलं.
बंद पडलेल्या मोटेलचे पडदे.
मोडलेल्या लग्नाचं न बेतलेलं सॅटिन.
टोर्वाल्ड म्हाताऱ्याचे फ्लॅनेलचे सात शर्ट,
त्याची मुलगी देऊन गेली, गाडीतून न उतरता,
कॉलरला अजून तंबाखूचा वास.

हिशेब फ्रिजवर चिकटवलाय.
एक पिशवी बावीस डॉलर.
चेन, दोरा, अस्तर मिळून सहा. उरले सोळा.
एकतीस हजार भागिले सोळा :
एक हजार नऊशे अडतीस पिशव्या.
मी पेन खाली ठेवलं.
मार्लिसने कागदाकडे पाहिलं, म्हणाली,
साडेसदतीस येतायत. अर्धी कशाला वाढवलीस?

चर्चच्या तळघरात, कॉफीच्या थर्मासशेजारी आमचं टेबल.
एक बाई पिशवी उलटीपालटी करते,
नाकाजवळ नेऊन टाके तपासते,
मग अगदी सहज विचारते :
म्हणजे एवढ्याला पडतं का एक मूल?
मार्लिसच्या मानेवर लाल चट्टे उठतात.
मीच म्हणतो, मूल नाही हो. कागद.
वकील, शिक्के, भाषांतर, सोफियाच्या दोन खेपा,
बोटांचे ठसे.
ठसे तर माझे दोनदा घेतले,
ग्रीसने रेषाच खाल्ल्यात म्हणाले.
बाई हसते, दोन पिशव्या घेते,
उरलेले सुटे मोजून घेते.

फेब्रुवारीत कापड संपलं.
मार्लिस माळ्यावर गेली ती लवकर उतरली नाही.
उतरली तेव्हा हातात पिवळ्या बदकांचा पडदा,
नऊ वर्षं घडीत राहिलेला.
कुठल्या खोलीचा, मी विचारलं नाही.
खोली मीच रंगवली होती.
काप, म्हणाली.
मी सरळ रेषेत कापणारा माणूस,
त्या दिवशी बदकांच्या माना चुकवत गेलो.
सहा निघायच्या तिथे पाचच पिशव्या निघाल्या.

पिशवी उलट्या अंगाने शिवतात, मला ठाऊक नव्हतं.
चित्रं आत, शिवण बाहेर,
चहूबाजूंनी टीप मारून सगळं बंद,
फक्त अस्तराच्या बुडाशी
चार बोटं जागा सोडायची.
मग त्या फटीत हात घालून
अख्खी पिशवी ओढायची बाहेर,
हळूहळू, चुरगळलेली,
आधी एक कोपरा, मग दुसरा.
पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उठलो,
शेगडीत लाकूड घालायचं निमित्त करून.
परत आलो तर तिने फट मिटवलेली,
दोरा दातांनी तोडत होती.

ती पहिली पिशवी कुणी घेतली नाही.
तिचा एक बंद पिळलेला आहे.
ती दाराशी टांगायला खिळा ठोक, मार्लिस म्हणाली,
जमिनीपासून अठ्ठावीस इंचांवर.
फाइलीत होतं : रालित्सा,
उंची चौऱ्याण्णव सेंटिमीटर,
डावा पाय किंचित आखूड, बोलते कमी.
ते पान गेल्या मे महिन्यातलं.
कागद तिकडे कुणाच्या तरी टेबलावर पडलेत,
आणि पोरं काही सहीसाठी
वाढायची थांबत नाहीत.
म्हणून ऑक्टोबरात मी खिळा उपसला,
इंचभर वर ठोकला.
मार्चमध्ये आणखी थोडा.

भोकं बुजव ती, मार्लिस म्हणते.
बुजवेन. पुट्टी आणून ठेवलीय.
आज अकराशे सातवी कापायचीय,
हिरवी कॉर्डरॉय, जाड.
कातरीला धार लावायला हवी.